मानसशास्त्रात बी.ए. झाल्यावर: क्लिनिकल की समुपदेशन?

टीवायबीएचं शेवटचं सत्र आलं की मुलं विचारायला येतात, एम.ए.ला क्लिनिकल घेऊ की समुपदेशन? बहुतेकांचा कल आधीच क्लिनिकलकडे असतो, कारण शब्द भारदस्त आहे. पण गुणपत्रिकेवर ‘क्लिनिकल’ छापून आलं म्हणून कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यात या पदाची व्याख्या दिली आहे. तिच्यातल्या रूढ वाटेने जायचं तर पदव्युत्तर पदवीच्या वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. लागतं, देखरेखीखाली रुग्णांसोबत केलेल्या कामासह, आणि तो अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेने, म्हणजे आरसीआयने, मान्य केलेला असावा लागतो. म्हणजे क्लिनिकल म्हणताना बी.ए.नंतरची चार वर्षं आणि मध्ये आणखी एक प्रवेश परीक्षा धरूनच चाला.

एम.फिल.च्या जागा मोजक्या. बंगळुरूची निमहान्स, रांचीची सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ सायकिअ‍ॅट्री, आपल्याकडे पुण्यातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था अशी नावं मुलांच्या तोंडी असतात. एम.ए.ला साधारण ५५ टक्के असले की अर्ज करता येत आला आहे, पण अर्ज करणारे पुष्कळ. शिवाय सध्या ही वाटच बदलते आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झालं, पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. म्हणून चार वर्षांपूर्वी पुढे गेलेल्या ताईदादांच्या अनुभवावर विसंबू नका. पैसे भरण्याआधी आरसीआयच्या यादीत संस्थेचं आणि अभ्यासक्रमाचं, दोन्ही नावं स्वतः शोधा.

समुपदेशनाच्या एम.ए.नंतर काम लवकर हाती येतं. शाळा, महाविद्यालयं, संस्था, हेल्पलाइन. समोर बसतात ते परीक्षेला घाबरलेला मुलगा, लग्न मोडायच्या बेतात असलेलं जोडपं, आईच्या आजारपणाने थकलेली मुलगी. क्लिनिकलवाल्याचा दिवस रुग्णालयात जातो: सकाळी ओपीडी, केस हिस्टरी, मग चाचण्या आणि त्यांचे अहवाल. बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी आणलेल्या लेकराची बुद्धिमापन चाचणी घ्यायची, तर अजूनही बिने-कामत कसोटी काढली जाते. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली होती. स्किझोफ्रेनिया, व्यसन, तीव्र नैराश्य असलेल्या माणसांसोबत राहायचं असेल, तर चार वर्षांचा खटाटोप सार्थ आहे. नुसतं ‘लोकांचं ऐकून घ्यायला आवडतं’ एवढंच कारण असेल, तर समुपदेशन जास्त जवळचं, आणि त्याला कमी लेखायचं काही कारण नाही.

समुपदेशनाची खरी अडचण वेगळी. इथे आरसीआयसारखी पक्की चौकट आजवर नव्हती, त्यामुळे सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र घेतलेलाही पाटी लावतो. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने समुपदेशकांनाही कक्षेत घेतलं आहे. घडी बसायला वेळ लागेल. तोवर चांगलं सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी समुपदेशकाची देखरेख, मिळणं हीच तुमची खरी पात्रता.

आणखी एक गोष्ट, जिने अनेकींची झोप उडवली. नोकरी किंवा संसार सांभाळून इग्नू या मुक्त विद्यापीठातून एम.ए. करायचं, ही वाट २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून नव्या प्रवेशांसाठी बंद झाली. मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला यूजीसीने मनाई केली. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या मुलींवर हा घाव मोठा आहे, हे मान्य. पण समोर माणूस न बसवता हे शिकता येत नाही, हेही मला पटतं.

परदेशाचं थोडक्यात. ब्रिटनमधली एका वर्षाची एम.एस्सी. केली म्हणजे तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही. त्यासाठी तीन वर्षांची डॉक्टरेट लागते. कर्ज काढण्याआधी घरच्यांना एवढं नक्की सांगा.

बी.ए.च्या वर्षांत तयारी मात्र दोन्ही वाटांची सारखीच. संख्याशास्त्राच्या पेपरला ‘पास झालो की सुटलो’ म्हणू नका. टी-टेस्ट आणि सहसंबंध कळले नाहीत, तर एम.ए.च्या प्रबंधात पाय अडकतो. प्रात्यक्षिकांचं जर्नल मैत्रिणीच्या वहीवरून उतरवू नका. सुट्टीत एखाद्या विशेष शाळेत किंवा डे केअर केंद्रात महिनाभर रोज जा. तिथे तिसऱ्या आठवड्यात, नवलाई ओसरल्यावरही सकाळी निघावंसं वाटतं का, ते बघा. आणि प्रवेशाआधी विभागात जाऊन दोन प्रश्न विचारा: आठवड्यातले किती तास केसेस मिळतात, आणि त्या केसेसवर माझ्याशी बोलायला कोण बसतं?