एक्झॉस्टची लाइन यादीत आली पाहिजे: लाइन लिस्टसाठी ऑटोकॅड प्लांट थ्रीडी

शहाद्याकडचा साखर कारखाना असो, शिरपूरकडचा एखादा प्रोसेस प्लांट असो की जळगाव एमआयडीसीतली तेल मिल, पाइपिंगचं काम निघालं की ठेकेदार, बॉयलरवाले आणि खरेदी विभाग तिघेही एकच कागद मागतात: लाइन लिस्ट, म्हणजे प्रत्येक पाइपलाइनचा नंबर, साइज आणि तपशील यांची यादी. पी अँड आयडीवरून (पाइप आणि उपकरणांच्या जोडणीचं ड्रॉइंग) ती हाताने उतरवायची म्हणजे टेबलभर शीट, एक पिवळा हायलायटर आणि शेवटी तरीही सुटलेल्या दोन लाइन. ऑटोडेस्कच्या प्लांट थ्रीडीमधला पी अँड आयडी भाग हेच काम ड्रॉइंगमधून परस्पर करून देतो. चोख करतो. फक्त इन्स्टॉल केलं आणि यादी बाहेर पडली, असं होत नाही. पहिली लाइन काढण्याआधी प्रोजेक्ट सेटअपमध्ये दोन-तीन दिवस घालवायची तयारी असेल तरच घ्या.

आधी लायसन्सचं. २०१९ च्या आवृत्तीपासून प्लांट थ्रीडी हा पूर्ण ऑटोकॅडच्या सबस्क्रिप्शनमधलाच एक टूलसेट आहे, वेगळं डाउनलोड करून बसवायचा असतो. त्यामुळे पूर्ण ऑटोकॅडचं भाडं भरणाऱ्या अनेक ऑफिसांकडे तो हक्काचा असतो आणि त्यांना पत्ताच नसतो. ऑटोकॅड एलटी ही छोटी आवृत्ती वापरणाऱ्यांना मात्र मिळत नाही.

नवीन प्रोजेक्ट उघडताना तो सिम्बॉलचं स्टँडर्ड विचारतो (पीआयपी, आयएसए, आयएसओ, डीआयएन, जेआयएस) आणि युनिट विचारतो. इथे घाईने पुढे-पुढे दाबत जाऊ नका. युनिट नंतर बदलता येत नाही, इंपीरियलमध्ये सुरू केलेलं काम शेवटपर्यंत इंपीरियल राहतं. मेट्रिक घ्या. माहिती साठवणारा डेटाबेस एसक्यूलाइट (प्रोजेक्टमधलीच फाइल) की एसक्यूएल सर्व्हर (वेगळा सर्व्हर), हाही प्रश्न येतो. एक-दोन जण काम करणार असतील तर एसक्यूलाइट पुरे. चार जण एकाच वेळी शीट उघडणार असतील तर सर्व्हर लावा.

खरं काम क्लास डेफिनिशनच्या, म्हणजे ड्रॉइंगमधल्या वस्तूंच्या प्रकारांच्या, झाडात आहे. प्रोजेक्ट सेटअपमधल्या पी अँड आयडी डीडब्ल्यूजी सेटिंग्जमध्ये खाली उतरलं की ‘पाइप लाइन सेगमेंट्स’ आणि ‘पाइप लाइन ग्रुप’ असे दोन क्लास सापडतात. या दोघांतला फरक ज्याला कळला त्याला हे सॉफ्टवेअर कळलं. ग्रुप म्हणजे अख्खी लाइन: तिचा नंबर आणि तिच्यातून काय वाहतं ते. सेगमेंट म्हणजे त्या लाइनचा एक तुकडा: त्याची साइज आणि स्पेक (पाइपच्या मटेरियलचा ठरलेला वर्ग). १००४ नंबरची लाइन १५० एनबीने (एनबी म्हणजे नॉमिनल बोअर, पाइपची मिलिमीटरमधली नाममात्र साइज) निघून रिड्यूसरनंतर १०० एनबी झाली, तर ग्रुप एक आणि सेगमेंट दोन. लाइन लिस्ट सेगमेंटवरून काढली तर दोन ओळी, ग्रुपवरून काढली तर एक. ठेकेदार ओळी मोजून ‘इतक्या लाइन’ म्हणतो आणि भाव त्यावर लावतो, तेव्हा कोणती यादी दिली हे आधी तपासा. रिड्यूसर टाकल्यावर पुढच्या तुकड्याला वेगळी साइज खरंच लागली का, हेही दरवेळी प्रॉपर्टी उघडून बघायचं. चित्रात पाइप बारीक झाला म्हणून डेटात झालेला नसतो.

टॅगचा, म्हणजे लाइनवर लिहायच्या ओळखीचा, साचा तिथेच बनतो. नवीन फॉरमॅट घ्या, किती भाग ते सांगा, मधलं चिन्ह ठरवा आणि प्रत्येक भागाला प्रॉपर्टी जोडा: साइज, स्पेक, मग ग्रुपमधून सर्व्हिस आणि लाइन नंबर. ‘१५०-सीएस१-सीडब्ल्यू-१००४’ असा टॅग तयार होतो. लाइन नंबर ग्रुपमधूनच घ्या, सेगमेंटवर हाताने टाइप करू नका, नाहीतर एकाच लाइनचे दोन तुकडे दोन नंबरांनी फिरतात. वीज केंद्राचं काम असेल आणि केकेएस (वीज केंद्रातल्या यंत्रणांना नावं देण्याची पद्धत) कोड मागितला असेल, तर फीड वॉटरला एलएबी, मेन स्टीमला एलबीए अशी तीन अक्षरं सर्व्हिसच्या जागी बसवता येतात; साचा तोच राहतो.

साइजच्या यादीत खानदेशातलं काम अडतं. आपल्याकडे फिटर ‘दीड इंची’ म्हणतो, एमएस आणि जीआय पाइप आयएस १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे एनबीमध्ये येतो (तोही १५० एनबीपर्यंतच, त्यापुढे आयएस ३५८९), आणि पाण्याच्या पीव्हीसी लाइन बाहेरच्या व्यासाने मोजल्या जातात. जळगाव पीव्हीसी पाइपचं गाव, त्यामुळे पाण्याच्या शीटवर ११०, ९०, ६३ हे आकडे हमखास दिसणार. ११० म्हणजे जवळपास १०० एनबी, ९० म्हणजे ८०, ६३ म्हणजे ५०. दोन्ही पद्धती एकाच निवडयादीत कोंबल्या तर ११० ची पीव्हीसी लाइन १०० च्या व्हॉल्व्हला भेटली की व्हॅलिडेशनमध्ये (सॉफ्टवेअर स्वतः चुका शोधतं ती तपासणी) साइज जुळत नाही म्हणून तक्रार येते. शंभर खोट्या तक्रारी आल्या की माणूस खरी तक्रारही वाचायचं सोडतो. उपाय सोपा आहे: साइजमध्ये सगळीकडे एनबीच ठेवा, आणि पीव्हीसी-एचडीपीईसाठी ‘बाह्य व्यास’ नावाची वेगळी संख्यात्मक प्रॉपर्टी जोडा.

इंच ठेवायचेच असतील तर एक्सेलची गंमत ऐकून ठेवा. सीएसव्ही फाइल सरळ एक्सेलमध्ये उघडली आणि साइजमध्ये इंचाची खूण नसेल, तर आपल्या तारखेच्या सेटिंगमध्ये १/२ ची होते १ फेब्रुवारी आणि ३/४ ची ३ एप्रिल. खरेदीला गेलेल्या यादीत ‘०३-एप्रिल’ साइजचा बॉल व्हॉल्व्ह बघून दुकानदार हसणारच. ०१०४ असा नंबर असेल तर पुढचं शून्यही जातं. म्हणून सीएसव्ही टाळा, एक्सएलएसएक्स घ्या, साइज मिलिमीटरमध्ये ठेवा आणि लाइन नंबर १००१ पासून सुरू करा. तरीही साइज मजकूर म्हणून येत असल्याने क्रम लावताना १०० आधी आणि २५ नंतर लागेल. शेजारी आकड्याचा एक कॉलम करून त्यावर क्रम लावायचा.

आता आयबीआर, म्हणजे इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, बॉयलर आणि वाफेच्या पाइपांचे सरकारी नियम. साखर, डिस्टिलरी, तेल, स्टार्च, वाफ लागते तिथे हा मुद्दा टळत नाही, आणि या सॉफ्टवेअरची खरी किंमत इथेच वसूल होते. नियम असा की बॉयलरपासून वापराच्या जागेपर्यंत जाणाऱ्या वाफेच्या पाइपमध्ये दाब ३.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, किंवा पाइपचा आतला व्यास २५४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर तो आयबीआरमध्ये येतो. मधला शब्द ‘किंवा’ आहे, ‘आणि’ नाही. साखर कारखान्यातला एक्झॉस्टचा, म्हणजे टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेचा, हेडर (मुख्य मोठा पाइप) घ्या. दाब दीड किलोच्या आसपास, म्हणजे दाबाच्या अटीतून सुटला. पण हेडर ४०० किंवा ५०० एनबीचा, म्हणजे व्यासाच्या अटीत सापडला. नुसता दाब बघून गाळलेल्या यादीतून नेमका हाच हेडर गळतो, आणि बाष्पके संचालनालयाकडे ड्रॉइंग गेल्यावर तो परत येतो.

त्याहून बारीक गोम २५० एनबीची. नाव २५०, म्हणून वाटतं २५४ च्या आत आहे. शेड्युल (जाडीचा वर्ग) ४० चा पाइप घेतला तर बाहेरचा व्यास २७३, जाडी ९.२७, आतला व्यास साधारण २५४.५. गेला वर! आयएस ३५८९ च्या पातळ जाडीत तर अजून वर. शेड्युल ८० घेतला तर जाडी १५.०९, आतला व्यास २४३ च्या आसपास, मग आत. म्हणून ही तपासणी एनबीवर बेतायची नाही.

सेटअपमध्ये असं करा. ‘पाइप लाइन सेगमेंट्स’ या वरच्या क्लासवर प्रॉपर्टी जोडा, खालच्या प्रायमरी लाइन सेगमेंटवर नाही. वर जोडलेली खाली सगळ्यांना मिळते, खाली जोडलेली सेकंडरी लाइनला मिळत नाही. चार प्रॉपर्टी पुरतात: कामकाजाचा दाब (संख्या), कामकाजाचं तापमान (संख्या), आतला व्यास (संख्या) आणि आयबीआर (निवडयादी: हो, नाही, ठरायचं आहे). तिसरा पर्याय मुद्दाम ठेवा आणि तोच डिफॉल्ट करा. ‘नाही’ डिफॉल्ट ठेवला तर न बघितलेल्या लाइनही बघून ‘नाही’ ठरवल्यासारख्या दिसतात.

हे आकडे एकेका लाइनवर क्लिक करून भरत बसू नका. डेटा मॅनेजर उघडा, प्रोजेक्ट डेटामधून पाइप लाइन सेगमेंट्स निवडा, खालच्या क्लाससकट एक्सपोर्ट करा. एक्सेल प्रोसेसवाल्यांकडे द्या, ते दाब-तापमान भरतील; वाफेच्या लाइनसाठी आयबीआरचा कॉलम दाब आणि आतला व्यास यांच्यावर ‘किंवा’चं सूत्र लावून भरून घ्या. परत इम्पोर्ट केल्यावर बदललेले खाने पिवळे दिसतात, एकेक किंवा सगळे एकदम स्वीकारता येतात. एकच अट: पीएनपीआयडी नावाच्या कॉलमला हात लावायचा नाही आणि कॉलमची नावं बदलायची नाहीत. तो आकडा म्हणजे त्या वस्तूची डेटाबेसमधली ओळख. कुणी ‘नको तो कॉलम’ म्हणून उडवला की फाइल परत जुळत नाही. इम्पोर्ट करताना बाकीच्यांनी आपापली शीट बंद ठेवलेली बरी.

एक्सपोर्टआधी व्हॅलिडेशन चालवायचंच. साइज आणि स्पेक न जुळणं, कुठेच न संपणारी लाइन, न जोडलेला व्हॉल्व्ह, उलट दिशेचा प्रवाह, अनाथ पडलेलं टेक्स्ट, न जोडलेले ऑफ पेज कनेक्टर, एवढं तो पकडतो. यातला शेवटचा सर्वांत महाग. तिसऱ्या शीटवरून चौथ्यावर गेलेली लाइन कनेक्टरने जोडली नाही तर ती दोन वेगवेगळे ग्रुप म्हणून राहते आणि यादीत दोनदा येते.

‘कुठून–कुठे’ हे दोन कॉलम मात्र या सॉफ्टवेअरची कमकुवत बाजू. लाइन चित्रात बहुतेक वेळा दुसऱ्या लाइनवर किंवा शीटच्या टोकाशी संपते, यंत्रावर नाही. माणसाला हवं असतं ‘ज्यूस हीटर ते क्लॅरिफायर’. त्यावर डोकं लढवण्यापेक्षा ग्रुपवर दोन मजकुराच्या प्रॉपर्टी जोडून एक्सेलमधून भरा.

मालक लोकांचा ठरलेला प्रश्न: ‘यातून १०० चा पाइप किती मीटर लागेल ते निघेल ना?’ नाही निघत. पी अँड आयडी मापात काढलेली नसते. कागदावरचं दोन इंचांचं अंतर साइटवर दोन मीटर असेल किंवा दोनशे. मीटर, एल्बो, फ्लँज यांची संख्या थ्रीडी मॉडेलमधून किंवा आयसोमेट्रिकवरून येते. विक्रेत्याने डेमोत हे दोन्ही एकत्र दाखवलं असेल तर ते दोन वेगळे कामाचे टप्पे आहेत, दुसऱ्याचे कष्ट बरेच जास्त.

जुन्या ड्रॉइंगचं काय? साध्या ऑटोकॅडमध्ये काढलेल्या रेषा आणि ब्लॉक उजव्या क्लिकने पी अँड आयडी ऑब्जेक्टमध्ये बदलता येतात, क्लास निवडायचा, झालं. पण रेषा पॉलीलाइन नसेल, व्हॉल्व्हपाशी तुटलेली असेल तर एका लाइनचे पाच तुकडे होतात. आधी पॉलीलाइन जोडून घ्या, मग बदला. फार विस्कटलेली शीट असेल तर सरळ नव्याने काढणं लवकर होतं. जुन्या सहकारी कारखान्यांच्या शीटवर मराठी नावं असतात, तीही युनिकोडआधीच्या फॉन्टमधली. ती एक्सेलमध्ये गेली की ‘मळी टाकी’च्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. असं टेक्स्ट युनिकोडमध्ये नव्याने टाइप करायचं आणि टेक्स्ट स्टाइलला ऑटोकॅडच्या एसएचएक्स फॉन्टऐवजी मंगल किंवा निर्मला लावायचा.

फाइलींबद्दल दोन सक्त गोष्टी. शीट कायम प्रोजेक्ट मॅनेजरमधून उघडा, फोल्डरमधून डबल क्लिक करून नाही. आणि फोल्डरमध्ये कॉपी-पेस्ट करून शीट वाढवू नका, ‘कॉपी ड्रॉइंग टू प्रोजेक्ट’ वापरा. नाहीतर ड्रॉइंग एक म्हणतं आणि डेटाबेस दुसरं. बिघडलंच तर ड्रॉइंगवर प्लांटऑडिट आणि प्रोजेक्टवर ऑडिटप्रोजेक्ट कमांड चालवा. एसक्यूलाइट घेतलं असेल तर पी अँड आयडीचा डेटा प्रोसेसपॉवर नावाच्या डीसीएफ फाइलमध्ये असतो, ती जपा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ वर जातो, त्यात वीज गेली आणि नेमकं सेव्ह चालू होतं, अशी वेळ येणारच. मशीनला यूपीएस आणि रोज संध्याकाळी सगळे बंद झाल्यावर पूर्ण प्रोजेक्ट फोल्डरची प्रत, एवढं खर्चात धरा.

तीन-चार शीटचं काम असेल, धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या युनिटचं वगैरे, तर हे सगळं प्रकरण नको. साध्या पूर्ण ऑटोकॅडमध्ये लाइन नंबरचा एक ब्लॉक करा, साइज, स्पेक, सर्व्हिस, नंबर आणि आयबीआर असे पाच अ‍ॅट्रिब्यूट द्या, प्रत्येक लाइनवर एकदाच टाका आणि डेटाएक्स्ट्रॅक्शन कमांडने एक्सेल काढा. विझार्डमधली निवड डीएक्सई फाइलमध्ये जतन होते, पुढच्या वेळी तीच लावायची. व्हॅलिडेशन मिळणार नाही, आणि ब्लॉक टाकायचा राहिला तर लाइन यादीत नाही. चार शीटवर तेवढं डोळ्यांनी तपासून होतं.