खर्च कुठे लिहायचा: वहीत, शीटमध्ये की अॅपवर?

आमच्या घरी दुधाचे खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडले जायचे. महिनाअखेरीला आई ते मोजून दूधवाल्याचा हिशोब चुकता करायची आणि वहीत एक ओळ लिहायची. आता दूध अॅपवरून येतं, भाजीवालीकडे क्यूआर कोड आहे, रिक्षाचे पैसेही फोनवरून जातात. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि हळूहळू पाकिटातली कमी होत जाणारी नोट दिसेनाशी झाली. म्हणून खर्च लिहून ठेवणं आज जास्तच गरजेचं आहे. वही, शीट (गूगल शीटसारखा रकान्यांचा तक्ता) आणि अॅप हे तिन्ही मी वापरून पाहिलंय. कुठलं निवडायचं ते तुमचा पैसा नेमका कुठे गळतो त्यावर ठरवा.

अॅपकडे ओढा असतो, कारण काही लिहावं लागत नाही. बँकेचे एसएमएस वाचून ते खर्च आपोआप टिपतं. (हे अँड्रॉइडवर. आयफोनवर अॅपला एसएमएस वाचताच येत नाहीत.) अडचण छोट्या खर्चांची आहे. काही बँका 100 रुपयांच्या आतल्या यूपीआय व्यवहाराचा एसएमएस पाठवत नाहीत. यूपीआय लाइटने (छोट्या खर्चांसाठी आधीच पैसे भरून ठेवायची यूपीआयमधली सोय) दिलेले पैसे तर पासबुकातही एकेक करून दिसत नाहीत, लाइटमध्ये भरलेली रक्कम तेवढी दिसते. म्हणजे चहा, वडापाव, शेअर रिक्षा, ज्यांच्या मागावर आपण निघालो, तेच निसटतात. शिवाय यूपीआयवर पुष्कळदा दुकानाचं नाव न येता मालकाचं येतं. माझ्या अॅपने आमच्या किराणावाल्याला महिनाभर मित्र समजून त्याचे पैसे ‘इतर’मध्ये टाकले. क्रेडिट कार्डावरची 11,000 ची खरेदी एकदा धरली, मग कार्डाचं बिल भरलं ते पुन्हा खर्च म्हणून धरलं, आणि 22,000 दाखवले. दुरुस्त करत बसायला जितका वेळ गेला तेवढ्यात वही लिहून झाली असती.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एसएमएसची परवानगी दिली की अॅपला सगळेच एसएमएस दिसू शकतात, ओटीपीसकट. त्यापेक्षा रिझर्व्ह बँकेच्या परवान्याखाली चालणाऱ्या अकाउंट अॅग्रीगेटरमार्फत (आपल्या संमतीने बँकेतली माहिती अॅपपर्यंत पोहोचवणारी कंपनी) माहिती घेणारं अॅप बरं. त्यात कुठल्या खात्याची माहिती किती काळ द्यायची ते आपण ठरवतो आणि दिलेली संमती मागे घेता येते.

वहीला कष्ट पडतात, पण माझा हात आखडला तो वहीमुळेच. रात्री जेवणानंतर पाच मिनिटं, चार रकाने: तारीख, कशावर, किती, कुणी. तिसऱ्या आठवड्यात ‘बाहेरचं खाणं’ नवव्यांदा लिहिताना जे वाटलं, ते अॅपच्या रंगीत आलेखाने कधीच वाटलं नव्हतं. पुढे पुढे ‘हे रात्री लिहावं लागेल’ हा विचार पैसे देण्याआधीच यायला लागला. रक्कम दहाच्या पटीत लिहिली तरी चालते. तीन दिवस राहून गेले तर ‘आठवत नाही, 300’ असं लिहा आणि पुढे चला. वह्या बंद पडतात त्या बहुतेक अशा राहिलेल्या दिवसांच्या धास्तीने.

वही खरी बोलते का ते महिन्यातून एकदा तपासा. समजा, 1 तारखेला खात्यात 12,000 होते, पगार 48,000 आला आणि महिनाअखेरीला 9,000 उरले. म्हणजे 51,000 गेले. वहीत 46,500 भरले, तर 4,500 चा पत्ता नाही. पुढच्या महिन्यात तेवढेच शोधायचे.

वही कमी पडते ती वर्षभराच्या खर्चाला, आणि तिथे शीट लागते. गाडीचा विमा 6,000, शाळेची फी 36,000, गणपतीला गावी जाणं 12,000, दिवाळी 18,000: एकूण 72,000, म्हणजे दरमहा 6,000 बाजूला पडायला हवेत. हे एकदा मांडलं की जूनमध्ये फीसाठी कर्ज काढायची वेळ येत नाही. नवरा-बायको दोघं कमावते असतील तर गूगल शीट दोघांच्या फोनवर उघडते, ही सोय वहीत नाही. पण रोजचा चहा कुणी शीटमध्ये भरत नाही. मीही दहा दिवसांच्या वर भरला नाही.

तेव्हा पगार बरा असूनही महिना पुरत नसेल तर तीन महिने वही लिहा. रोजचं ठीक चाललंय पण मोठा खर्च आला की घडी विस्कटते, अशांनी थेट शीट करावी. अॅप मी फक्त अशांना सुचवेन ज्यांचे बहुतेक खर्च मोठे आणि कार्डावरचे आहेत, आणि जे रविवारी बसून त्याच्या चुका दुरुस्त करतील.

वही लिहिणं कुणाला जमणारच नसेल, तर किमान शिल्लक न लागणारं एक वेगळं खातं उघडा आणि फोनवरचं यूपीआय फक्त त्यालाच जोडा. दर सोमवारी त्यात ठरावीक रक्कम टाकायची, आमची 3,000 आहे. गुरुवारी 400 उरले की शुक्रवारी डबा घरून जातो.