ऑर्थँक, काही महिन्यांच्या वापरानंतर: पेशंटचा डेटा सांभाळणारा कोड वाचता यायलाच हवा

आमच्या सेंटरमधल्या एक्स-रे, सीटी आणि सोनोग्राफीच्या सगळ्या इमेजेस गेले काही महिने ऑर्थँक या मुक्त सॉफ्टवेअरवर साठताहेत. आधीचं पॅक्स, म्हणजे इमेजेस साठवून दाखवणारी यंत्रणा, सोडलं ते पैशांसाठी नाही. त्यातल्या इमेजेस कंपनीच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये होत्या आणि त्या बाहेर काढून देण्याचं वेगळं बिल लागणार होतं. पेशंटच्या तपासणीवर तिसऱ्याच कुणाचा ताबा असावा, हे मला पटलं नाही.

ऑर्थँक हा डायकॉम सर्व्हर. डायकॉम म्हणजे वैद्यकीय इमेजेस साठवण्याची आणि पाठवण्याची सर्वमान्य पद्धत. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठ रुग्णालयात सेबास्तियाँ जोदोन्य यांनी तो सुरू केला. २०१२ मध्ये तो पहिल्यांदा बाहेर आला आणि २०१४ च्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या पुरस्काराने त्यांच्या कामाची दखल घेतली. लायसन्स जीपीएल, म्हणजे कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो; मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात ते हेच. इन्स्टॉल करणं सोपं आहे, मशिनं जोडायला थोडा वेळ जातो, त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मूळ सेटिंग न बदलता ठेवलं तर मशीनकडून आलेली डायकॉम फाइल जशीच्या तशी डिस्कवर राहते. तिचं नाव वाचून काही कळत नाही, पण ती कुठल्याही डायकॉम व्ह्यूअरमध्ये उघडते. सर्व्हर बंद करून, फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेऊन मी हे तपासलं. उद्या हा प्रकल्पच थांबला तरी इमेजेस आमच्याकडे राहतील.

पण माझं मत खरं बनलं ते एका गोंधळामुळे. एका पेशंटच्या नावाखाली दुसऱ्याच व्यक्तीची सोनोग्राफी दिसू लागली. जुन्या पॅक्समध्येही असं झालं होतं. तेव्हा तक्रार नोंदवली, तर "सिस्टीमची अंतर्गत रचना आहे" एवढंच उत्तर मिळालं आणि आम्ही हाताने नावं दुरुस्त करत बसलो. या वेळी मी आणि आमचा संगणक सांभाळणारा मुलगा मूळ कारणापर्यंत जाऊ शकलो. ऑर्थँक पेशंट ओळखतो तो फक्त पेशंट आयडीवरून. त्या आयडीचा हॅश (त्यावरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा संकेत) काढून तो आपली अंतर्गत ओळख तयार करतो, नाव किंवा जन्मतारीख त्यात धरतच नाही. आमची दोन मशिनं आपापले क्रमांक एकपासून देत होती. त्यामुळे सीटीचा बारावा पेशंट आणि सोनोग्राफीचा बारावा पेशंट सर्व्हरच्या लेखी एकच माणूस. हे दस्तऐवजात लिहिलेलं आहे आणि कोडमध्ये पडताळताही येतं. प्रत्येक मशीनच्या क्रमांकाआधी वेगळी अक्षरं लावली आणि प्रश्न मिटला. शिवाय आयडी रिकामा असेल तर इमेज घ्यायचीच नाही, अशी लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेतली छोटी स्क्रिप्ट जोडली.

चुकीच्या माणसाच्या नावावर चुकीचा रिपोर्ट जाणं ही साधी तांत्रिक अडचण नव्हे. एखाद्याचं ऑपरेशन त्यावरून ठरू शकतं. असा घोळ का होतो हे ज्याला पाहायचं आहे त्याला पाहता आलं पाहिजे. पेशंटच्या डेटाचं सॉफ्टवेअर मुक्त असावं असं मी म्हणते, त्यामागचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

"कोड सगळ्यांना खुला असणं म्हणजे चोरांना आमंत्रण" असं मला अनेकांनी ऐकवलं. २०१८ मध्ये ओपनईएमआर या मुक्त रुग्णनोंदणी सॉफ्टवेअरमध्ये संशोधकांना वीसहून अधिक त्रुटी सापडल्या होत्या, त्यातल्या काही गंभीर. त्या प्रकल्पाला कळवल्या गेल्या, दुरुस्त झाल्या आणि मग जाहीर झाल्या. अशा त्रुटी बंद सॉफ्टवेअरमध्येही असतात. तिथे बाहेरच्या माणसाला त्या शोधणं अवघड, आणि सापडल्या तरी दुरुस्ती कंपनीच्या मर्जीवर. अर्थात लायसन्स मुक्त आहे म्हणून सर्व्हर आपोआप सुरक्षित होत नाही. ऑर्थँकमध्ये बाहेरून वेब-प्रवेश मुळात बंद असतो, हे चांगलं. पण इमेजेसची डायकॉम वाहतूक वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून एन्क्रिप्ट करायची तर त्यासाठीची टीएलएस ही सोय स्वतः चालू करावी लागते, आणि अनोळखी मशीननेही पाठवलेल्या इमेजेस तो मूळ सेटिंगमध्ये स्वीकारतो. हे न बदलता सर्व्हर थेट इंटरनेटवर ठेवणं म्हणजे पेशंटशी दगाबाजी.

उणिवा आहेत. फोन उचलणारी हेल्पलाइन नाही, त्यामुळे संगणकाची जाण असलेला एक माणूस हाताशी लागतोच. कोणी कोणती तपासणी उघडली याची सविस्तर नोंद हवी तर वेगळी सोय करावी लागते. निदानासाठी आम्ही प्रमाणित व्ह्यूअर वेगळा ठेवला आहे. आणि ओळख पुसण्याची सोय टॅगमधलं, म्हणजे इमेजसोबत फाइलमध्ये लिहिलेल्या माहितीच्या रकान्यांमधलं, नाव काढते, सोनोग्राफीच्या चित्रावरच उमटलेलं नाव तसंच राहतं. अभ्यासासाठी इमेजेस देताना तो भाग आम्ही अजून हाताने झाकतो.

एक अडचण मात्र ऑर्थँकच्या आवाक्याबाहेरची आहे. डायकॉममध्ये प्रत्येक टॅगला गटक्रमांक असतो आणि विषम गटक्रमांकाचे टॅग उत्पादकांना स्वतःच्या वापरासाठी मोकळे ठेवलेले आहेत. काही मशिनं मोजमापाची महत्त्वाची मूल्यं तिथेच लिहितात आणि त्यांचा अर्थ कुठे छापलेला नसेल तर मुक्त सर्व्हर ती फक्त जपून ठेवू शकतो. नवीन मशीन घेणार असाल तर सही करण्याआधी विक्रेत्याकडून डायकॉम कन्फॉर्मन्स स्टेटमेंट (मशीन डायकॉम कसं पाळतं हे सांगणारं उत्पादकाचं पत्रक) मागून घ्या आणि या खासगी टॅगचा खुलासा त्यात आहे का ते बघा. नसेल तर तो लेखी मागा.