ब्रेक पाइप बदलले आणि पेडल मऊ पडलं: कॉपर-निकेल पाइपचा आठ महिन्यांचा अनुभव

पहिल्या महिन्यात मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत होते, कॉपर-निकेलचे ब्रेक पाइप घेऊ नका, धातू मऊ आहे, दाबाखाली फुगतो, पेडल स्पंजसारखं लागतं. आज आठ महिन्यांनी ते सगळं मागे घेते. पाइपचा दोष नव्हता. पेडल मऊ होतं हे मात्र खरं, आणि ते का मऊ आहे हे शोधण्यात चार रविवार आणि अडीच लिटर ब्रेक ऑइल गेलं. रविवारांचं काही नाही. ऑइलची हळहळ अजून वाटते, कारण त्यातलं निम्म्याहून जास्त एका हातपंपापायी वाया गेलं.

जुना स्टीलचा पाइप मागच्या अ‍ॅक्सलच्या अलीकडे, क्लिपखाली जिथे चिखल धरून राहतो तिथे गंजला होता. सुईच्या टोकाएवढं भोक. नशिबाने गाडी उभी होती, तेव्हाच पेडल खाली गेलं. एक पाइप गळला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे, म्हणून सगळेच बदलायचं ठरवलं. 4.75 मिमीचा रोल घेतला, साधारण 90 टक्के तांबं, 10 टक्के निकेल. निव्वळ तांब्याच्या पाइपशी याची गल्लत करू नका, ते कंपनाने थकून चिरतं. हा पाइप हाताने वाकतो, जुना पाइप शेजारी ठेवून तसाच आकार देता येतो, फ्लेअर मारताना, म्हणजे सांध्यासाठी पाइपाचं टोक पसरवताना, स्टीलच्या मानाने जोर कमी लागतो. कापल्यावर आतली धार काढा, कीस फुंकून बाहेर घालवा, नट आधी सरकवा आणि मग फ्लेअर मारा. जुन्या पाइपाचं टोक नीट बघा. डबल फ्लेअर (कड आत दुमडलेलं नरसाळ्यासारखं टोक) आणि बबल फ्लेअर (फुगीर टोक) वेगळे, एकाच्या जागी दुसरा बसवला तर नट कितीही आवळा, गळणारच. आणि 10 मिमीचा बारीक आट्याचा नट आणि 3/8 इंची नट डोळ्यांना सारखेच दिसतात. नट पहिले तीन-चार आटे बोटांनी फिरला पाहिजे. अडला की पान्याने जोर लावू नका.

बसवून झाले, कुठे थेंबही गळत नव्हता. मग एअर, म्हणजे ऑइलमध्ये अडकलेली हवा, काढायला घेतली. मदतीला कोणी नको म्हणून निपलला (हवा बाहेर सोडायला प्रत्येक चाकाच्या ब्रेकवर असलेला पोकळ स्क्रू) लावून हवा ओढायचा हातपंप आणला होता. पहिल्या तासाभरात तो मला फारच आवडला. एकटीने चारही चाकं होतात, पेडल दाबायला माणूस लागत नाही. फक्त नळीतले बुडबुडे थांबेनात. बारीक, एकसारखे, मोत्यांच्या सरीसारखे. मी टाकीत ऑइल ओतत राहिले, पंप मारत राहिले, बुडबुडे येत राहिले. दुसऱ्या रविवारीही तेच. पेडल जमिनीपासून जेमतेम 3 सेंटिमीटरवर थांबायचं. दोन-तीनदा भराभर मारलं की वर यायचं, सोडून मिनिटभराने परत मारलं की पुन्हा खाली.

ते बुडबुडे ब्रेकच्या आतले नव्हतेच. निपल सैल केलं की त्याच्या आट्यांमधून बाहेरची हवा आत शिरते, आणि पंप तीच ओढून बाटलीत आणून दाखवतो. व्हॅक्यूम आहे तोवर ती सर थांबणार नाही, दहा लिटर ऑइल ओतलं तरी नाही. आतली हवा अशी सारखी येत नाही. ती मध्येच एखादा मोठा फुगा होऊन येते, मग काही वेळ स्वच्छ ऑइल, मग पुन्हा फुगा. आट्यांना बाहेरून दाट सिलिकॉन ग्रीस लावल्यावर सर बरीच कमी झाली. ही गोष्ट पंपाच्या खोक्यावरच्या सूचनांत छापायला हवी होती. छापली असती तर माझं दीड लिटर ऑइल वाचलं असतं.

तिसऱ्या रविवारी दादाला पेडलवर बसवलं आणि जुनीच पद्धत धरली. दाब, धर. मी निपल उघडायचे, ऑइल आलं की बंद करायचे, मग सोड. यात आट्यांतून ऑइल बाहेर येतं, हवा आत जात नाही, त्यामुळे दिसेल तो बुडबुडा खरा. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला होता. जुन्या मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर ऑइल पाइपांत ढकलणारा सिलिंडर) तळाकडचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो, तिथे गंज किंवा मळ असू शकतो, आणि पेडल पार खाली दाबलं तर आतल्या रबरी सीलची कड त्यावर घासून कापली जाते.

चारही चाकांवर स्वच्छ ऑइल आलं. दादा म्हणाला, "अगं, पण अजून खालीच जातंय."

पाइप फुगतो असं मी म्हणायला लागले ती याच दिवशी. नंतर कागदावर हिशेब मांडला. या पाइपाच्या आतलं छिद्र सुमारे 3 मिमी, म्हणजे एका मीटरमध्ये जेमतेम 7 सीसी ऑइल. जोरात ब्रेक मारल्यावरच्या दाबालाही मीटरभर पाइप एका सीसीच्या शंभराव्या भागाएवढा फुगत नाही. हवेचं गणित मात्र उलटं. 1 सीसी हवा अडकली असेल तर 10 बारच्या दाबातच तिचा अकरावा हिस्सा उरतो. ती जवळजवळ सगळी जागा मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला भरून काढावी लागते. 20.64 मिमीच्या पिस्टनला त्यासाठी सुमारे 3 मिमी पुढे जावं लागतं, आणि पेडलची तरफ चार-पाच पट, म्हणजे पायाखाली 12 ते 15 मिमी फुकट गेले. एवढी हवा मावायला पाइपाचा 14 सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. हे लिहून झाल्यावर पाइपावरचा राग ओसरला.

मग रीतसर शोध. पेडल जोराने दाबून मिनिटभर धरलं, हळूहळू बसत गेलं नाही. म्हणजे मास्टर सिलिंडरचं सील ठीक आणि गळती नाही. रबरी होज गुळगुळीत क्लॅम्पने हलके दाबून बंद केले, पेडल दगडासारखं. पुढचे दोन सोडले, तरी कडक. मागचा सोडला आणि पेडल खाली. वरून धातूची जाळी असलेल्या होजला मात्र क्लॅम्प लावू नका, आतली नळी खराब होते. पुढची चाकं आणि मास्टर सिलिंडर दोन्ही सुटले, दोष मागेच होता.

मागे ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून शू दाबतात, आणि हँडब्रेक तेच शू ड्रमजवळ नेतो. हँडब्रेक ओढून पेडल दाबलं तर ते 6 सेंटिमीटरवर थांबलं. ड्रम काढताना कडेला अडत होता म्हणून मी अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा स्क्रू) आत फिरवून शू एकमेकांजवळ घेतले होते आणि बसवताना परत बाहेर घेतलेच नव्हते. शू ड्रमपर्यंत पोचण्यातच पेडलची निम्मी चाल संपत होती. पंप केल्यावर पेडल वर येणं म्हणजे एअरच, असं मी धरून चालले होते, पण सैल शू अगदी तसंच वागतात. ड्रम फिरवताना हलकी घासणी ऐकू येईपर्यंत अ‍ॅडजस्टर फिरवले. हँडब्रेक न ओढताही 6 सेंटिमीटर.

उरलेला मऊपणा मात्र एअरचाच होता, आणि ती माझ्याच पाइपात होती. जुना पाइप अ‍ॅक्सलकडे सरळ उतरत जात होता. माझा तुकडा थोडा लांब झाला होता. कापून पुन्हा फ्लेअर मारायचा कंटाळा केला आणि जादा लांबी वर उचलून कमान केली. हवा कमानीच्या माथ्यावर बसणार, आणि हळू वाहणारं ऑइल तिच्या खालून निघून जाणार. त्यात गाडी बॉडीखाली स्टँड लावून उचललेली, अ‍ॅक्सल लटकता. माझ्या गाडीत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारा व्हॉल्व्ह आहे, दांडीने अ‍ॅक्सलला जोडलेला. अ‍ॅक्सल लटकला की गाडी पार रिकामी आहे असं धरून तो मागचा दाब तोडतो. म्हणजे जिथे हवा होती तिथेच ऑइलला जोर नव्हता.

चौथ्या रविवारी तो तुकडा काढला, 11 सेंटिमीटर कमी केला, उतार सलग ठेवला. स्टँड अ‍ॅक्सलखाली घेतले, म्हणजे मागचा भार चाकांवर असल्यासारखाच राहिला. दादाने दाबलं, मी निपल उघडलं, आणि नळीत बोटभर लांबीचा फुगा आला. पाठोपाठ दुसरा, लहान. पेडल 8 सेंटिमीटरवर आणि पायाखाली ठाम. मी गाडीखालून ओरडलेच. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर तिच्या युनिटमध्ये अडकलेली हवा काढायला बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने पंप चालवावा लागतो, माझ्या गाडीत ते नाही.

आठ महिन्यांत पाइप पाण्यातून, चिखलातून गेला. रंग तपकिरी, मंद झालाय, गंज कुठेच नाही, सगळे सांधे कोरडे. एक उणीव सापडली. बसवताना एक क्लिप तुटली होती, तिथे मी नवी लावली नव्हती. त्या जागी पाइप बॉडीला घासून चकचकीत ठिपका पडला होता. मऊ धातूचा हा तोटा खरा आहे. तो तुकडा मी बदलला, रबर घालून क्लिप लावली. रोल घेणाऱ्यांनी क्लिपाही बरोबरच घ्याव्यात.

हातपंप फेकला नाही. टाकीतलं जुनं ऑइल उपसायला तो चांगला आहे, आणि आता तेवढ्याचसाठी वापरते. काल पट्टी लावून पेडल पुन्हा मोजलं, 8 सेंटिमीटरच भरलं.