जुन्या संगणकावर कोणते लिनक्स: मिंट, उबुंटू, डेबियन की फेडोरा?

१४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. बाबांचा संगणक त्यात बसेना. चांगले चालणारे यंत्र भंगारात कसे द्यायचे? त्यावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली टाकता येते. मिंट, उबुंटू, डेबियन आणि फेडोरा हे तिचेच प्रकार.

घरातल्यांसाठी माझे मत मिंटच्या बाजूने आहे. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू. विंडोजवर हात बसलेल्या माणसाला काही शोधावे लागत नाही. काही बिघडलेच, तर टाइमशिफ्ट या जुनी स्थिती जपून ठेवणाऱ्या साधनाने आदल्या दिवशीच्या स्थितीत परत येता येते, पण ते सुरुवातीलाच चालू करून ठेवा. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. रॅम ४ जीबीच असेल तर मिंटच्या सिनॅमन आवृत्तीऐवजी हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या.

मिंट उभे आहे ते उबुंटूच्याच पायावर. मग थेट उबुंटू का नको? ८ जीबी रॅम आणि एसएसडी (वेगवान डिस्क) असेल तर जरूर घ्या. अडचणींची उत्तरे सर्वात जास्त त्याचीच सापडतात. जुन्या हार्ड डिस्कवर मात्र त्यातला स्नॅप पद्धतीचा (उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेजमधला) फायरफॉक्स पहिल्यांदा उघडायला रेंगाळतो.

डेबियन फार स्थिर. १२ व्या आवृत्तीपासून वायफायचे फर्मवेअर (वायफायचा भाग चालवणारे सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरमध्येच येते, त्यामुळे पूर्वीची मोठी डोकेदुखी गेली. घरात थोडे जाणणारे कुणी असेल तर उत्तम. फेडोरा नव्या लॅपटॉपला शोभतो. प्रत्येक आवृत्ती जेमतेम तेरा महिने चालते, दर वर्षी आईबाबांकडे जाऊन ती बदलणार कोण?

मराठी टंकलेखनात चौघांत फरक नाही. कीबोर्डच्या यादीत मराठी निवडा. उच्चारानुसार लिहिणाऱ्यांसाठी त्यात कगप ही कीबोर्डची मांडणी आहे. खरी अडचण जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या फाइलींची. तो फाँट नसेल तर लिब्रेऑफिसमध्ये नुसती अगम्य चिन्हे दिसतात. अशा फाइली आधीच युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि रोजचे काम विंडोजवर चालणाऱ्या टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर असेल तर त्या संगणकाला हात लावू नका.

ठरवण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा. वायफाय, आवाज आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासा. फोटोंची प्रत बाहेरच्या डिस्कवर गेल्याशिवाय इन्स्टॉल दाबू नका.