‘हाउसमध्ये पास झालंय, वहिनी’: परदेशी सेमिस्टरच्या नावाने फसवणूक

अमेरिकेत ज्यांची मुलं कॉलेजात आहेत, अशा मराठी पालकांसाठी हे लिहितेय. ‘परदेशात सेमिस्टर करणाऱ्यांसाठी नवा कायदा आलाय, सरकार थेट पैसे देतंय’ असं सांगून कुणी फी मागितली, तर देऊ नका. आमचे ८९५ डॉलर गेले.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वेबिनारची लिंक आली होती. बोलणारा गृहस्थ मराठी, भारी आर्जवी. मी वहिनी, हे दादा. सिनेटर पॉल सायमन यांच्या नावाचा कायदा, वर्षाला दहा लाख विद्यार्थी परदेशी पाठवायचं उद्दिष्ट, लेकीला पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत) मिळते म्हणजे तिचा नंबर आधी, पण जागा मोजक्या. ‘हाउसमध्ये पास झालंय वहिनी, आता फक्त नाव नोंदवायचं!’ हाउस म्हणजे अमेरिकन संसदेचं, काँग्रेसचं, खालचं सभागृह. पुरावा म्हणून विधेयकाची पीडीएफ पाठवली. फी मात्र ‘झेल’नेच (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय) हवी, क्रेडिट कार्ड नको.

गोम अशी, की त्याचं निम्मं बोलणं खरं होतं. विधेयक खरं, दहा लाखांचा आकडा खरा, हाउसने ते मंजूर केलं हेही खरं. फक्त २००७ साली! वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, ते अडकलं आणि कायदा झालाच नाही. सायमन यांच्या नावाची विधेयकं पुढेही मांडली गेली, त्यामुळे गूगल केलं की बातम्या सापडतात आणि माणूस निर्धास्त होतो. आमची पीडीएफ दुसऱ्या पानापासून सुरू होत होती. ‘११०वी काँग्रेस’ (म्हणजे २००७-०८ची संसद) असं ज्यावर छापलेलं असतं, ते पहिलं पान पठ्ठ्याने काढून टाकलं होतं. तळाशी ‘एचआर १४६९’ हा विधेयकाचा नंबर तेवढा राहून गेला. लेकीने नाव आणि नंबर काँग्रेसच्या वेबसाइटवर शोधला. तिथे विधेयक कुठवर पोचलं ते दाखवणारी पट्टी असते; ही हाउसपाशीच थांबलेली. कायदा झाला असता तर ‘पब्लिक लॉ’ नंबर मिळाला असता. आणि कायदा झाला, तरी पैशांची तरतूद काँग्रेसला वेगळी करावी लागते. हे वेबिनारमध्ये कोण सांगणार?

खरी मदत आहे, म्हणून तर जास्त चीड येते. गिलमन स्कॉलरशिप २००० सालच्या कायद्यातून आली, पब्लिक लॉ १०६-३०९. ती परराष्ट्र खात्याची आहे. पेल ग्रँट घेणाऱ्या अमेरिकन नागरिक विद्यार्थ्यांना साधारण ५,००० डॉलरपर्यंत मिळतात आणि अर्जाला फी नाही. कॉलेजने मान्य केलेल्या प्रोग्रॅमला पेल ग्रँटही वापरता येते. कॉलेजच्या स्टडी अब्रॉड ऑफिसातल्या बाईंनी हे सगळं बसवून समजावलं, एक पैसा न घेता.

पैसे परत मागितल्यावर उत्तर आलं, ‘दादा, फी नॉन-रिफंडेबल आहे, फॉर्मवर लिहिलंय.’ बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. एफटीसीकडे (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारी सरकारी संस्था) तक्रार केली आहे.

त्या गृहस्थाने लेकीचा फाफ्साचा (कॉलेजसाठीच्या सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) लॉगिन आणि पासवर्डही मागितला होता, ‘फॉर्म मीच भरून टाकतो’ म्हणून. तिने दिला नाही, नशीब. कुणी दिला असेल, तर आजच पासवर्ड बदला आणि कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला कळवा. ती लिंक ग्रुपवर अजून फिरतेय.