कोटेशनमध्ये रेड सीडर, घरात पाइन : सॉना घेताना झालेली फसवणूक

घरी सॉना (घाम येण्यासाठी आतून तापवायची लाकडी खोली) बसवायचा विचार असेल, आणि विशेषतः अ‍ॅडव्हान्स देऊन माल यायची वाट बघत असाल, तर हे पूर्ण वाचा. आम्हाला वेस्टर्न रेड सीडर या लाकडाची म्हणून जी कॅबिन विकली गेली ती रंग मारलेल्या पाइनची निघाली. पैसे सीडरचेच घेतले. तक्रार केलेली आहे आणि तिचा निकाल लागेपर्यंत विक्रेत्याचं नाव लिहिणार नाही. पद्धत मात्र सविस्तर लिहितो, कारण तो माणूस सरसकट खोटं बोलला नव्हता. त्याने दाखवलेलं संशोधन खरं होतं, लाकूड बाजाराच्या बातम्याही खऱ्या होत्या. त्यातल्या एकाही गोष्टीचा आमच्या कॅबिनशी संबंध नव्हता, आणि तो संबंध आहे असं भासवूनच सगळा व्यवहार झाला.

सुरुवात तब्येतीपासून झाली. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात होतं : "नियमित सॉनाने हृदयविकाराने अचानक मृत्यूचा धोका ६३ टक्के कमी." हा आकडा हवेतला नाही. पूर्व फिनलंडमधल्या कुओपिओ भागातल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांवर सरासरी वीस वर्षं लक्ष ठेवून यारी लाउक्कानेन आणि सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू ६३ टक्के कमी दिसले. पण कोणाच्या तुलनेत? सॉना न घेणाऱ्यांच्या नव्हे, आठवड्यातून एकदा घेणाऱ्यांच्या तुलनेत. चार ते सात वेळा घेणाऱ्या गटात माणसं होती फक्त २०१. सगळे पुरुष, सगळे फिनलंडचे, लहानपणापासून सॉनाची सवय असलेले. शिवाय हा निरीक्षणाचा अभ्यास होता. ज्याची तब्येत मुळात बरी तोच आठवड्यातून पाच-सहा वेळा सॉनात बसू शकतो, ही शक्यता अशा अभ्यासात पूर्ण पुसता येत नाही, वय, धूम्रपान, रक्तदाब यांचा हिशेब धरला तरीही. सॉना रक्तवाहिन्यांना आणि रक्तदाबाला फायद्याचा असावा असं मला आजही वाटतं, म्हणूनच तर घ्यायला निघालो होतो. पण माहितीपत्रकात छापला होता तसा तो औषधाचा डोस नाही.

यातला खरा खोडसाळपणा नंतर लक्षात आला. त्या अभ्यासातले सॉना पारंपरिक पद्धतीचे : दगड तापवलेले, हवा सुमारे ८० अंश सेल्सिअस. याच विक्रेत्याच्या इन्फ्रारेड कॅबिनच्या माहितीपत्रकावरही तोच ६३चा आकडा, तेच वाक्य. इन्फ्रारेड कॅबिनमधली हवा बहुधा ४५ ते ६० अंशांपर्यंत असते आणि शरीर तापवण्याची रीतच वेगळी, किरणांनी थेट अंग तापवणारी. तिचे फायदे असतील तर ते तिच्यावर झालेल्या अभ्यासांतून दाखवावेत, फिनलंडच्या सॉनाचा आकडा तिला चिकटवता येत नाही. घामातून "विषद्रव्यं निघून जातात" हेही छापलं होतं. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि क्षार. शरीराची साफसफाई यकृत आणि मूत्रपिंडं करतात. सॉनातून बाहेर आल्यावर कमी झालेलं वजन पाणी प्यायलं की परत येतं.

बाबांच्या हृदयाबद्दल विचारलं तेव्हा उत्तर आलं, "सर, हार्ट पेशंटसाठीच तर आहे हे, डॉक्टरांना काय विचारायचंय?" या वाक्याचा राग मला लाकडाच्या फसवणुकीपेक्षा जास्त आहे. छातीत दुखणं स्थिर नसेल, नुकताच झटका येऊन गेला असेल किंवा महाधमनीची झडप फार अरुंद झाली असेल, तर सॉना टाळायलाच सांगतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर गरमीतून एकदम उठल्यावर चक्कर येऊन पडायची भीती असते. दारू पिऊन आत जाणं तर जिवावर बेतू शकतं. आम्ही बाबांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी तपासून, वेळेची मर्यादा घालून आणि सोबत कोणीतरी हवं असं बजावून परवानगी दिली. विक्रेत्याला हे एक वाक्य सांगायला काय हरकत होती?

मग लाकडाचा विषय निघाला. सॉनासाठी वेस्टर्न रेड सीडर उत्तम, हेही खरंच आहे. लाकूड हलकं, उष्णता हळू वाहून नेणारं, त्यामुळे ८०-९० अंशांतही टेकलं तर पाठ भाजत नाही. त्याच्या गाभ्यात कुजण्याला विरोध करणारी नैसर्गिक द्रव्यं असतात. आणि मुख्य म्हणजे पाइनसारख्या राळेच्या नलिका त्याच्यात नसतात. हे झाड उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडचं, आणि बाजारात येणारा माल मोठ्या प्रमाणावर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातला. बिनगाठीची स्वच्छ फळी मिळते ती मुख्यतः जुन्या, जाड झाडांतून, आणि तिथल्या सरकारने २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये २६ लाख हेक्टर जुन्या जंगलात तोड थांबवण्याचा प्रस्ताव मांडला. माल दुर्मिळ होतोय ही ओरड म्हणून खोटी नाही. नेमकी अशीच परिस्थिती बदली माल घुसवायला सोयीची असते.

आमच्यावर घाई लादली ती याच बातम्यांच्या जोरावर. "अमेरिकेने कॅनडाच्या लाकडावर ड्यूटी वाढवलीय, पुढच्या आठवड्यात रेट बदलणार, आजच बुक केलंत तर जुना भाव." ड्यूटी वाढली होती, हे मी तपासलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या सॉफ्टवुडवरचं (पाइन, सीडरसारख्या झाडांच्या लाकडावरचं) अमेरिकेचं एकूण शुल्क ३५ टक्क्यांच्या वर गेलं आणि ऑक्टोबरमध्ये त्यावर आणखी १० टक्के आले. पण ते शुल्क अमेरिकेच्या हद्दीत शिरणाऱ्या मालावर लागतं. आमची कॅबिन अमेरिकेत जाणार नव्हती, की तिथून येणारही नव्हती. हे विचारल्यावर त्याने दुसरा आलेख काढला, २०२१ चा. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या वायदेबाजारात लाकडाच्या हजार बोर्ड फुटांचा (बोर्ड फूट हे लाकूड मोजण्याचं माप) भाव १,६०० डॉलरच्या वर गेला होता. आलेख तिथेच कापलेला. ऑगस्ट संपेपर्यंत तोच भाव निम्म्याच्याही खाली आला होता, आणि तो वायदा घरांच्या सांगाड्याला लागणाऱ्या साध्या लाकडाचा असतो, रेड सीडरचा नव्हे.

बाकांसाठी अ‍ॅस्पेन हे राळ नसलेलं फिकट लाकूड ठरलं होतं. माल यायच्या आधी निरोप आला की युक्रेनच्या युद्धामुळे अ‍ॅस्पेन मिळत नाही, बाकही सीडरचेच देतो, फरकाची रक्कम भरा. २०२२ मध्ये युरोपीय संघाने रशिया आणि बेलारूसच्या लाकडावर बंदी घातली, एफएससी आणि पीईएफसी या, लाकूड जबाबदारीने तोडल्याचं प्रमाणित करण्याची व्यवस्था चालवणाऱ्या संस्थांनीही त्या लाकडाला दार बंद केलं, बर्च या झाडाच्या लाकडाची तर बरीच ओढाताण झाली. पण फिनलंड आणि बाल्टिक देशांत अ‍ॅस्पेन वाढतंच, तिथल्या कारखान्यांत त्याचे बाक आजही बनतात. जुन्या बातमीवर नवी वसुली झाली.

कॅबिन आली तेव्हा दार उघडताच सीडरचा वास इतका दाटून आला की घरातले सगळे खूश झाले. पहिल्यांदा तापवली तेव्हा बाबा पांढरा टॉवेल अंथरून बसले. उठले तर टॉवेलवर फळ्यांच्या रुंदीचे तांबूस पट्टे. थोड्या दिवसांत सीडरचा वास विरला आणि तापल्यावर टर्पेंटाइनसारखा, त्याखाली लाखेचा वास येऊ लागला. वरच्या बाकावरच्या एका गाठीभोवती मधाच्या रंगाचे थेंब फुटले होते. बोट लावलं तर चटका बसला आणि बोट चिकटलं. ती राळ होती.

ओळखीच्या अनुभवी सुताराला बोलावलं. त्यांनी पाठीमागच्या टेकूची सर्वांत खालची फळी काढली. पुढून तांबडी-तपकिरी, मागून फिकट पिवळी, आणि स्क्रूच्या भोकात आतलं लाकूड गोरंच. त्यांनी टोक ताजं कापलं, धारदार पटाशीने गुळगुळीत केलं आणि माझ्या हातात भिंग दिलं. वार्षिक वलयांच्या गडद पट्ट्यात टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके दिसत होते. त्या राळेच्या नलिका, पाइनची खूण. मग चौकोनी तुकडा कापून मोजला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला. कोरड्या रेड सीडरची घनता घनमीटरला ३७० किलोच्या आसपास असते. आमच्या तुकड्याचा हिशेब ५०० च्या पुढे गेला. नंतर लाकूड तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नमुना दिला, सूक्ष्मदर्शकाखाली पाइन असल्याचा अहवाल लेखी मिळाला. वास वरून लावलेल्या सीडर तेलाचा होता.

विक्रेत्याचं म्हणणं बदलत गेलं. आधी "सीडरमध्ये शेड बदलतात." अहवाल पाठवल्यावर "हे थर्मोवुड आहे, म्हणून गडद." थर्मोवुड ही फिनलंडमध्ये १९९०च्या दशकात विकसित झालेली पद्धत. वाफेच्या सान्निध्यात लाकूड २०० अंशांच्या आसपास तापवतात. ते आरपार तपकिरी होतं, कुठेही कापा. आमच्या फळीचा रंग नखाने खरवडला की संपत होता. आणि थर्मो-पाइनच द्यायचं होतं तर बिलावर सीडर कसं? त्यावर त्याने एफएससी प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. त्यावरचा कोड संस्थेच्या सार्वजनिक यादीत टाकला तर तो भलत्याच कंपनीचा निघाला. प्रमाणित माल विकणाऱ्याचा स्वतःचा कोड आणि मालाबद्दलचा दावा बिलावर छापलेला असावा लागतो. नुसता फोटो दाखवून भागत नाही.

पाइन वाईट लाकूड आहे असं माझं म्हणणं नाही. सॉनाच्या बाहेरच्या भिंतींना ते चालतं, तापवून राळ बसवलेलं पाइन आतही वापरतात. पण ज्या बाकावर उघड्या अंगाने बसायचं, तिथे गाठी असलेलं कच्चं पाइन वापरणं धोक्याचं आहे. गाठ आजूबाजूच्या लाकडापेक्षा घट्ट असते, जास्त तापते, आणि राळ उकळून कातडीला चिकटते. त्यावर लाख-रंग मारून बंद खोलीत ८० अंशांपर्यंत तापवायचं म्हणजे त्या वाफा श्वासातून आत घेणं. यात हृदयरुग्ण बसणार आहे हे विक्रेत्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

कोटेशन घेताना लाकडाचं शास्त्रीय नाव लिहून मागा. वेस्टर्न रेड सीडर म्हणजे थुजा प्लिकाटा. नुसतं "सीडर", "सीडर फिनिश" किंवा "कॅनेडियन वुड" चालवून घेऊ नका, या शब्दांत काहीही बसतं. भिंत, बाक आणि टेकू यांचं लाकूड वेगवेगळं लिहून घ्या. आतून कुठलाही रंग किंवा पॉलिश नाही, हेही लेखी हवं. नमुन्याचा तुकडा घेतलात तर त्यावर दोघांच्या सह्या करून तो जपून ठेवा, कारण नमुना खराच असतो. आमचाही खरा सीडर होता. शेवटचा हप्ता माल उघडून, एक फळी मागून बघून आणि एकदा पूर्ण तापवून झाल्यावरच द्या. "तापवल्यावर परत घेत नाही" अशी अट कागदावर असेल तर तिथेच थांबा.

आमच्याकडे आता प्रस्ताव आलाय की त्यांचा माणूस येऊन सगळ्या फळ्या घासून "फ्रेश" करून देईल, बदल्यात तक्रार मागे घ्यायची. आम्ही नकार दिलाय आणि कॅबिनला कुलूप लावलंय. तुमच्याकडेही अशी कॅबिन आली असेल तर कोणालाही रंधा किंवा सँडर घेऊन आत सोडू नका. आधी टेकूची खालची फळी काढा, मागची बाजू, कापलेलं टोक आणि स्क्रूचं भोक यांचे तारखेसकट फोटो काढा, एक तुकडा प्रयोगशाळेला पाठवा आणि दुसरा घरी सीलबंद ठेवा. फळी एकदा घासली गेली की वर रंग होता हे सिद्ध करणं फार अवघड होऊन बसतं.